सातव्या फेडरवरचे नाव

काकासाहेबांना लोकांचे ऐकण्याची हौस नव्हती. लोकांचा आवाज आपल्या हातात असावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. विभागीय पाणीवाटप समितीचे अध्यक्षपद आल्यापासून प्रत्येक सुनावणीत ते टेबलावरची पितळी घंटा वाजवत आले होते आणि प्रत्येक सुनावणीत लोक घंटेनंतरही बोलत राहिले होते. मग पुण्यातल्या एका परिसंवादात त्यांनी एक काळी पेटी पाहिली. तिच्यावर सरकत्या पट्ट्यांची ओळ होती. संचालन करणाऱ्या गृहस्थाने त्यातली एक पट्टी बोटाने खाली ओढली आणि एका ज्येष्ठ विद्वानाचा आवाज, वाक्य अर्ध्यावर असताना, विरून गेला. सभागृहात कोणालाही काही खटकले नाही. विद्वानांनाही ते उशिराच कळले. परतीच्या प्रवासात काकासाहेब फार प्रसन्न होते, असे त्यांचा ड्रायव्हर सांगतो.

म्हणून टाकळवाडीच्या तलावाची सुनावणी ठरली तेव्हा शहराच्या छावणी भागात ध्वनियंत्रणेचा व्यवसाय करणाऱ्या चारुताला निरोप गेला: टेबलावर आठ माईक, प्रत्येक माईकची स्वतंत्र ध्वनिमुद्रित नोंद, आणि तशी एक पेटी अध्यक्षांच्या पुढ्यात.

त्या वर्षी पाऊस ऑगस्टातच परतला होता. शहराला त्याचे सोयरसुतक नव्हते. या भागात दुष्काळाचा आणि बांधकामाचा हंगाम एकाच वेळी येतो: जमीन पिकेनाशी झाली की ती विकली जाते आणि विकली गेली की तिच्यावर इमारती पिकतात. बीड बायपासपासून शेंद्र्याच्या वाटेपर्यंत नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. ज्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, त्यांची नावे सरोवर, निर्झर आणि जलविहार अशी होती. भाषेने केलेली ही नुकसानभरपाई रहिवाशांनी निमूटपणे स्वीकारली होती. आता अशाच एका वसाहतीसाठी आणि तिच्या शेजारच्या कारखान्यांसाठी समितीला खुलताबादच्या डोंगरामागचा टाकळवाडीचा तलाव हवा होता. तलाव निजामाच्या काळातला, लहानसा. त्याच्यावर काही पेरूच्या बागा, गुरे आणि एक गाव जगत असे.

नियमात मात्र एक फट राहून गेली होती. लाभक्षेत्रातल्या रहिवाशाने सुनावणीत हरकत घेतली आणि ती इतिवृत्तात उतरली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या तलावाला हात लावता येत नसे. हा नियम ज्याने केला त्याची बदली केव्हाच झाली होती, पण नियम पुस्तकात तसाच होता.

गावाने बोलायला भागूबाईला पाठवले. तलावाच्या पाण्याची पाळी लावण्याचे काम गावाने वर्षानुवर्षे तिच्याकडे ठेवले होते. कोणाच्या शेतात पाणी केव्हा सुटायचे आणि केव्हा बंद व्हायचे, हे ती सांगे आणि लोक ऐकत. तिने कोणाचे झुकते माप धरले, असे तिच्या वैऱ्यालाही म्हणता आले नव्हते. या गावात इभ्रत म्हणावी अशी चीज थोडी होती आणि त्यातली बरीच तिच्याकडे जमा होती.

सुनावणीच्या सकाळी ती सर्वांच्या आधी सभागृहात पोचली. चारुता टेबलाखाली वायरी बांधत होती. भागूबाईने तिला वाकून विचारले की आपण बोलू ते सगळे त्यात उतरेल का. शहरात बोललेले शहरातच राहते, असा तिचा अनुभव होता.

"उतरेल, मावशी," चारुता म्हणाली. "एक शब्द सांडणार नाही."

हे तिने सहज म्हटले नव्हते. तिच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या कारकुनी होती. पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात फारसीत लिहीत. आजोबांनी तेच उर्दूत लिहिले आणि वडिलांनी मराठीत. राज्ये बदलली, लिप्या बदलल्या, पण एकदा उतरले ते राहते, ही त्या घराची एकमेव श्रद्धा बदलली नाही. चारुताने शाई सोडून आवाज धरला होता. श्रद्धा तीच होती.

काकासाहेब आले आणि पेटीसमोर बसले. चारुताने त्यांना समजावून सांगितले की पेटीतून आवाज जात नाही. पेटीतून जातात ते फक्त आकडे: कितवा फेडर, म्हणजे कितवी सरकती पट्टी, आणि तो किती वर. आवाज असतो लॅपटॉपमधल्या मिक्सरमध्ये. कोणत्या आवाजावर कोणत्या फेडरची सत्ता, हे त्या मिक्सरला आधी शिकवावे लागते. पडद्यावर त्या माईकच्या चॅनेलवर 'लर्न' दाबायचे, इकडे हाताने फेडर हलवायचा, की तो आवाज त्या बोटाचा झाला. काकासाहेबांनी आयुष्यभर कारखान्यात, बँकेत आणि शिक्षणसंस्थेत हेच केले होते. ते इतक्या लवकर होते याचे त्यांना नवल वाटले.

पहिल्याच प्रयत्नात मात्र त्यांची निराशा झाली. त्यांनी फेडर वर नेला, आवाज जागचा हलला नाही. चारुता म्हणाली की अशी रचना मुद्दामच केलेली असते. आवाज जिथे असेल तिथपर्यंत आधी फेडर न्यावा लागतो. दोघांची गाठ पडली की मगच तो हाताशी येतो. नाहीतर आवाज एकदम उडी मारतो आणि ऐकणाऱ्याला दचका बसतो.

"म्हणजे मी आधी त्याच्या पायरीवर जायचं?" काकासाहेबांनी विचारले.

"हो, काकासाहेब."

"ते काढून टाका, ताई. इथं उलट रिवाज आहे."

तिने ते काढून टाकले. मग दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज किंचित खाली आला. प्रत्येक माईकची नोंद ती फेडरच्या आधीच घेत होती. म्हणजे अध्यक्षांनी फेडर कितीही खाली ओढला, तरी सभागृहातला आवाज तेवढा जाणार होता. नोंदीतला पूर्ण राहणार होता. नियमाला अखंड आणि पूर्ण नोंद हवी होती, म्हणून असे केले, असे तिने सांगितले. ते खरेही होते. काकासाहेब विरोध करतील, म्हणून तिने उत्तर तयार ठेवले होते.

काकासाहेब हसले. "राहू द्या की. नोंद कोण ऐकतो?"

हे त्यांचे वाक्य तिला अज्ञानाचे वाटले. शिकलेल्या माणसाला सत्तेचा अनुभव नेहमी अज्ञानासारखा दिसतो.

तिने फेडरांच्या खाली पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर नावे लिहिली. पहिला अध्यक्षांचा. मग चार अधिकारी. सहावा उद्योजक संघाच्या मंजुषाताईंचा, सातवा भागूबाईचा. आठव्या माईकसमोरची खुर्ची रिकामी होती. तिथे तिने 'जादा' असे लिहिले. हीच नावे लॅपटॉपमध्ये प्रत्येक चॅनेलला दिली. माईक टेबलात स्क्रूने घट्ट बसवलेले होते, त्यामुळे गोंधळाला जागा नव्हती. दीपप्रज्वलनाआधी तिने नोंद सुरू केली. नोंद सुरू होताच प्रत्येक चॅनेलची फाईल त्या त्या नावाने तयार झाली आणि भरू लागली.

स्वागताचे भाषण संपत आले असताना माजी सभापती आले.

त्यांना निमंत्रण नव्हते. पण निमंत्रण ही गोष्ट ज्यांना मान नसतो त्यांच्यासाठी असते. ते दारात दिसले मात्र, टेबलामागची सगळी माणसे उठली. अध्यक्षांच्या उजव्या हाताची जागा त्यांची, हे कोणी कोणाला सांगितले नाही. रिकामी खुर्ची टोकाला आठवी होती. तिथे माजी सभापतींना बसवावे, हा विचार त्या सभागृहात कोणाच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. पहिल्या अधिकाऱ्याने आपली नावाची पाटी, पाण्याची बाटली आणि फाईल उचलली आणि तो एक खुर्ची पुढे सरकला. त्याच्यासाठी दुसरा सरकला, दुसऱ्यासाठी तिसरा, तिसऱ्यासाठी चौथा. मंजुषाताई हसतमुखाने पाटी घेऊन भागूबाईच्या खुर्चीकडे आल्या. भागूबाईला उठा असे कोणी म्हटले नाही, पण तिला ते कळले. तिने आपली पाटी पदराने पुसून उचलली आणि ती आठव्या खुर्चीवर जाऊन बसली. माणसे सरकली, पाट्या सरकल्या, बाटल्या सरकल्या. माईक तेवढे जागेवर राहिले. या प्रदेशात शेकडो वर्षे दरबार भरले; खुर्ची मानाप्रमाणे सरकते आणि जमिनीत रोवलेले काहीच सरकत नाही, ही गोष्ट इथे कोणाच्या ध्यानात येऊ नये, हे ओघानेच आले.

काकासाहेबांच्या मात्र ती लगेच ध्यानात आली, कारण पेटी ऐकेना. त्यांनी मंजुषाताईंचा म्हणून फेडर वर केला आणि चौथ्या अधिकाऱ्याचे खाकरणे सभागृहभर घुमले. त्यांनी चारुताकडे नुसते पाहिले.

माजी सभापतींना शाल आणि नारळ दिला जात होता तेवढ्या वेळात चारुता लॅपटॉप घेऊन टेबलामागे गुडघ्यांवर बसली आणि एकेक फेडर नव्याने शिकवू लागली. लर्न, हलव. लर्न, हलव. चिकटपट्टीवरची नावे होती तिथेच राहू दिली. फक्त आठव्या फेडरखाली 'जादा' खोडून माजी सभापती लिहिले. टाळ्या थांबल्या तेव्हा पेटी पुन्हा काकासाहेबांची झाली होती: सहाव्या माईकवर बसलेल्या अधिकाऱ्याला अधिकाऱ्याचा फेडर, सातव्यावर बसलेल्या मंजुषाताईंना मंजुषाताईंचा, आठव्यावर बसलेल्या भागूबाईला भागूबाईचा. काम इतके नेटके झाले की तिला स्वतःचेच कौतुक वाटले.

फाईलींची नावे मात्र जुनीच होती. चालू नोंदीत ती बदलता येत नसत. नोंद थांबवून पुन्हा सुरू केली तर ती अखंड राहत नसे, आणि नियमाला अखंड हवी होती. सातव्या माईकचा आवाज भागूबाईच्या नावाने भरत होता; आठव्याचा 'जादा' या नावाने. समितीच्या कार्यालयातर्फे नोंद ताब्यात घ्यायला आलेला हिमांशू भिंतीशी उभा होता. चारुताने त्याला तिथेच गाठून हे सांगितले. त्याने मान डोलावली आणि लक्षात ठेवतो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अशा माणसाचा विश्वास होता की ज्याला लक्षात ठेवण्याबद्दल आजवर कोणी जबाबदार धरलेले नाही.

अधिकारी बोलले. त्यांची नावे एकमेकांच्या भाषणांवर लागत होती, पण त्याने काही बिघडले नाही. ती भाषणे अदलाबदलीस योग्य होती. मग मंजुषाताई बोलल्या. त्यांचे माहेर त्याच डोंगरातले, मोठ्या बागाइतदाराचे. उद्योजक संघाने त्यांना पाठवले होते ते त्यासाठीच.

"मी या डोंगराचीच लेक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या तलावानं आम्हाला वाढवलं. आज शहर तहानलेलं असताना आम्ही नाही म्हणणार नाही. टाकळवाडीचं पाणी शहराला द्यायला आमची कसलीच हरकत नाही."

टाळ्या पडल्या. काकासाहेबांचे बोट मंजुषाताईंच्या फेडरपासून दूर होते.

भागूबाई उठून उभी राहिली. बसून बोला, असे तिला सांगावे लागले. तिने माईककडे न बघता चारुताकडे बघून बोलायला सुरुवात केली. "ह्या तलावाची पाळी मी लावत आले. पानी आटलं त्या साली मी माझ्या सख्ख्या दिराची पाळी बंद केली. त्यो आजून माझ्याशी धड बोलत नाय. पर पाळी म्हंजी पाळी..."

काकासाहेबांचे बोट खाली आले. उडी मारू देणारी रचना त्यांनीच मागून घेतली होती. आवाज एका क्षणात गेला. पंखे ऐकू येऊ लागले. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मोबाईल काढला. भागूबाईला कळले. तिचे ओठ क्षणभर थांबले. तिने पुन्हा चारुताकडे पाहिले.

चारुताच्या पडद्यावर आठव्या चॅनेलची हिरवी पट्टी उसळत होती. कानांवरच्या हेडफोनमध्ये भागूबाईचा श्वाससुद्धा येत होता. चारुताने मान हलवली: बोला, उतरते आहे.

मग भागूबाई त्या मुक्या सभागृहासमोर बोलतच राहिली. हेडफोनमधून एकटी चारुता ते ऐकत होती. "आता तळाला उरलंय ते गुरांच्या तोंडचं पानी हाय. ते माझं नाय, म्हणून मला देता येत नाय. आमची हरकत हाय. लिहून घ्या." काकासाहेबांनी सौजन्याने ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आभार मानले.

सभा संपताच हिमांशूने फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या. चारुताने त्याला पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा मान डोलावली. घरी गेल्यावर तिने तेच ईमेलने कळवले, आणि ईमेल मिळाल्याचे यंत्राने पाठवलेले उत्तर तिला मिळाले.

इतिवृत्त प्रसिद्ध झाले ते वर्तमानपत्रात आतल्या पानावर. लाभक्षेत्रातील रहिवासी श्रीमती भागूबाई यांनी, आपण डोंगराची लेक असून तलावाने आपल्याला वाढवल्याचे नमूद करून, टाकळवाडीचे पाणी शहरास देण्यास कसलीच हरकत नसल्याचे निवेदन केले. अन्य हरकती प्राप्त झाल्या नाहीत. प्रस्ताव मंजूर.

चारुता कार्यालयात गेली. हिमांशूने तिला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. अन्याय करणारी कार्यालये या बाबतीत न्याय देणाऱ्या कार्यालयांहून अधिक सुसंस्कृत असतात. त्याने सगळे मोकळेपणाने सांगितले. फाईली कोणी ऐकल्या नव्हत्या. त्या आवाजाचे लिखाण करणाऱ्या संगणकात गेल्या आणि प्रत्येक फाईलच्या नावापुढे तिच्यातला मजकूर आला. 'जादा' नावाचे कोणी निमंत्रितांत नव्हते, म्हणून ती फाईल पाठवलीच गेली नाही. ईमेल आला होता. पण ईमेलने नोंद बदलली, तर उद्या कोणीही ईमेल करील.

"आता ऐका ना," चारुता म्हणाली. "दोन्ही फाईली लावा. एक बाई टाकळवाडीची आहे आणि एक नाही, हे कोणालाही कळेल."

"मॅडम, आवाज ओळखणं हा पुरावा होत नाही. फाईलचं नाव हा पुरावा आहे." त्याला खरोखर वाईट वाटत असावे. "आणि नाव तुम्हीच दिलं होतं."

दुरुस्ती होऊ शकत होती. समितीची बैठक होऊन तीत भागूबाईने समक्ष आपला आवाज ओळखला, तर होऊ शकत होती. पण समितीपुढे आता हा विषय शिल्लक नव्हता, आणि नसलेल्या विषयावर बैठक घेता येत नव्हती. जिन्यात काकासाहेब भेटले. त्यांनी तिच्या कामाची मनापासून स्तुती केली आणि पुढच्या महिन्यात फर्दापूरच्या पाण्याची सुनावणी असून पेटी तीच हवी, असे सांगितले. हरकतीचा विषय तिने काढला तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. त्यांना कपटाचे श्रेय देणे चुकीचे ठरेल. त्यांनी काहीच केले नव्हते. ते फक्त ज्या सभागृहात बसत, त्या सभागृहात सर्व गोष्टी आपोआप त्यांच्या बाजूला सरकत.

चारुता आठव्या माईकची नोंद घेऊन टाकळवाडीला गेली. सोबत बॅटरीवर चालणारा स्पीकर होता. अजूनही तिची अशी समजूत होती की खरे ते मोठ्याने वाजवले की पुरते.

तलावावर मोटारी बसल्या होत्या. निळे पाइप डोंगराच्या अंगाने शहराकडे निघाले होते. भागूबाई घराच्या ओट्यावर एकटी बसली होती. पूर्वी या वेळी तिच्या ओट्यावर पाळीचे भांडण घेऊन दोघेचौघे तरी असत. वर्तमानपत्राचे ते पान गावात हातोहात फिरले होते. आपण नाही म्हणालो, हे तिने घरोघर जाऊन सांगितले होते. लोकांनी ऐकून घेतले, चहाही दिला. पण सभेला उशिरा पोचलेल्या गावातल्या दोघांनीही तिला नाही म्हणताना ऐकले नव्हते. त्यांनी फक्त ओठ हलताना पाहिले होते.

चारुताने झालेला प्रकार सांगितला. भागूबाईने मध्ये एकदाही विचारले नाही. फाईल, चॅनेल हे तिला कळले की नाही कोण जाणे. खुर्ची सरकली हे नक्की कळले. ती म्हणाली, ते चावडीवर लावा.

माणसे जमली. चारुताने स्पीकर पारावर ठेवला आणि आवाज पूर्ण वर केला. भागूबाईचा आवाज गावभर गेला, सभागृहात गेला नव्हता इतका स्पष्ट: पाळी, दीर, गुरांच्या तोंडचे पाणी, आमची हरकत हाय, लिहून घ्या. ते संपले. चारुताला वाटले, झाले.

मग लक्ष्मण बोलला. हा भागूबाईचा तोच धाकटा दीर. तो रागावलेला नव्हता. उलट बऱ्याच वर्षांनी समाधानी दिसत होता.

"वहिनी, हे सभेतलं म्हणता? यात येक टाळी नाय, येक मानूस खोकत नाय. हे तर घरात दार लावून भरल्यावानी वाटतंय." त्याने चारुताकडे वळून अदबीने विचारले, "बाईसाहेब, मशीनवर आता कुनाचाबी आवाज काढता येतो म्हनं. व्हय ना?"

येतो, हे खरे होते. चारुता गप्प राहिली, आणि तेवढे पुरले. आवाज इतका स्वच्छ उतरावा म्हणून तिनेच फक्त तोंडासमोरचे टिपणारा माईक लावून बाकीचे जग त्यातून वगळले होते. त्या बाईच्या बोलण्याला साक्ष देणारे पंखे, खुर्च्या, खोकले यांतले काहीही तिच्या शब्दांबरोबर आले नव्हते.

माणसे हळूहळू उठली. जाताना कोणी भागूबाईला वाईट बोलले नाही. एकाने फक्त पुढची पाळी कोण लावणार असे लक्ष्मणाला विचारले, आणि पाळी लावायला पाणी राहिलेच कुठे, म्हणून दुसरा हसला.

चारुता वायरी गुंडाळू लागली. भागूबाई पाराजवळ उभी होती. मोटारींची घरघर चालू होती, म्हणून तिला आवाज थोडा चढवावा लागला.

"पोरी, माझा आवाज गेला तवाच मी बोलायची थांबनार व्हते. उठून भांडले असते. टेबलावर हात आपटला असता. समद्यांनी बघितलं असतं. तू मान हलवलीस, म्हणून मी बोलत राहिले. कशाला हलवलीस?"